स्कायरिम: ६० तास झाले, मेन स्टोरीला हातच लावला नाही. आता लावू का तसंच फिरत राहू?

फुकटचा_ड्रॅगनबॉर्न:

मंडळी, आधी हसून घ्या. गेम २०११चा आहे आणि मी आत्ता खेळतोय, दिवाळीच्या सेलमध्ये स्पेशल एडिशन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली.

तर परिस्थिती अशी आहे. सुरुवातीला बैलगाडी.. म्हणजे घोडागाडी, हात बांधलेले, हेल्गेनमध्ये मुंडकं उडवायला ओंडक्यावर डोकं ठेवलं आणि तेवढ्यात ड्रॅगन आला, इथपर्यंत सगळ्यांचं होतं तसं माझंही झालं. हॅडव्हारबरोबर पळालो, रिव्हरवूडला त्याच्या लोहार काकाकडे जेवलो, काका म्हणाला व्हाइटरनच्या जार्लला (म्हणजे तिथल्या सरदाराला) जाऊन सांग की ड्रॅगन आलाय, गावाला शिपाई पाठवा. मी म्हटलं हो काका, सांगतो.

त्याला आता ६० तास झाले. अजून सांगितलेलं नाही.

झालं असं की गावातल्याच दुकानदाराचा सोन्याचा पंजा चोरीला गेला होता, तो शोधायला ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये गेलो, मग व्हाइटरनच्या वेशीवर काही लोक एका राक्षसाशी मारामारी करत होते त्यांना मदत केली तर ते म्हणाले आमच्या लढवय्यांच्या टोळीत, कंपॅनियन्समध्ये ये, ते सगळं शेवटपर्यंत केलं, मग रिफ्टनला चोरांच्या टोळीत शिरलो, मग विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात ॲडमिशन घेतली. लेव्हल २३ आहे. धनुष्यबाण घेऊन लपून मारतो (हो हो, माहितीये सगळेच तसं करतात).

आता खरा प्रॉब्लेम. ऑफिसातला एक जण विचारत होता किती ड्रॅगन मारले. मी म्हटलं एकही नाही, हेल्गेननंतर दिसलाच नाही. तो इतका हसला की चहा सांडला. गुहांमध्ये त्या भिंती असतात ना, जवळ गेलं की कुजबुज ऐकू येते आणि स्क्रीन अंधारते, तशा पाच-सहा भिंती झाल्या, शब्द शिकलो असं दाखवतं पण शाउट (तो शब्द ओरडून करायची जादू) काही होत नाही, म्हणतं ड्रॅगनचा आत्मा लागेल. मला वाटलं बग आहे. म्हणून एकदा गेम काढून परत टाकला. 😐 आणि बॅगेत एक दगडी पाटी आहे ड्रॅगनस्टोन नावाची, वजन २५ दाखवतंय, विकता येत नाही, टाकता येत नाही.

प्रश्न एवढाच की मेन स्टोरी आता सुरू करू का? दोन भीती आहेत. एक म्हणजे स्टोरी संपली की माझा गेममधला इंटरेस्ट जातो, दरवेळी असंच होतं, शेवटची नावांची पाटी पडली की अनइन्स्टॉल. आणि दुसरं, खूप उशीर झाला का, म्हणजे काही कायमचं हुकलं असेल का? स्पॉइलर जरा जपून द्या.


कोकणी_मांजर:

अरे देवा, ती पाटी घेऊन तू ६० तास फिरतोयस!! 😂😂

बग नाहीये. ड्रॅगन बंद आहेत कारण तू ते चालूच केलेले नाहीस. ही पाटी व्हाइटरनच्या जार्लच्या वाड्यात फॅरेंगार नावाचा जादूगार आहे त्याला हवी आहे. आधी जार्ल बालग्रूफला भेट (तो लोहार काका अजून वाट बघतोय रे), मग पाटी फॅरेंगारला दे, पाटी दिली की लगेच जार्लची अंगरक्षक इरिलेथ येऊन सांगते की गावाबाहेरच्या बुरुजाजवळ ड्रॅगन दिसलाय. त्या क्वेस्टचं नाव ड्रॅगन रायझिंग. तो पहिला ड्रॅगन पडला की मग देशभर ड्रॅगन सुटतात, तोपर्यंत आकाश रिकामं. आणि भिंतीवरचे शब्द वाया गेलेले नाहीत, ते तुझ्याकडे जमा आहेत, फक्त एकेक शब्द उघडायला एकेक ड्रॅगनचा आत्मा खर्च होतो.

माझं मत विचारशील तर अख्खी मेन स्टोरी आत्ता करू नकोस, पण इथपर्यंत तरी कर: बुरुजावरचा ड्रॅगन, आणि मग डोंगरावरच्या ग्रेबिअर्ड्स म्हाताऱ्यांकडे हाय ह्रोथगारला जाऊन ये. कारण शाउट ही या गेमची मुख्य गंमत आहे आणि ती स्टोरीच्या कुलपात ठेवलेली आहे. लिडिया पण तो ड्रॅगन मारल्यावर जार्लकडूनच मिळते, ती मिळाली की सामान उचलायला हक्काचं माणूस. म्हाताऱ्यांनी दिलेलं शिंगाचं काम घ्यायचं आणि मग खुशाल पाठ फिरवून परत चोऱ्यामाऱ्या करायला जायचं, कोणी काही बोलत नाही. तिथे घाई घाई म्हणतात सगळे, पण एकाही माणसाच्या हातात घड्याळ नाही.

एक सूचना. आयव्हर्स्टेड गावातून वर जायची वाट आहे, सात हजार पायऱ्या म्हणतात (जेजुरीच्या नवलाख पायऱ्यांसारखंच, मोजायला जायचं नाही). अर्ध्याहून वर गेलं की एका वळणावर बर्फाचा ट्रोल बसलेला असतो. मी पहिल्यांदा ७ लेव्हलला गेले होते. कड्याच्या बाजूनं वरून उडी मारून आला आणि दोन फटक्यांत खेळ खलास. परत लोड, परत दोन फटके. अकरा वेळा मेले. बाराव्या वेळी भांडलेच नाही, नुसती पळत सुटले, तो मागून, मी पुढे, आणि वर देवळाच्या दारात जाऊन धाडकन आत. शांतीचे उपदेश करणारे म्हातारे आत आणि बाहेर माझा ट्रोल. तुला आगीचा मंत्र येत असेल कॉलेजवाल्यांकडून तर वापर, आगीला तो कच्चा आहे.


नाद_खुळा_रंकाळा:

भावा अजिबात जाऊ नको. मी सांगतो ऐक.

ड्रॅगन नसलेलं स्कायरिम लय भारी असतंय. मी दोन्ही प्रकारे खेळलोय. एकदा ते ड्रॅगन सुटले की काय होतंय माहितीय का, तू निवांत सामान विकायला गावात येतोस, वरनं हे धूड येतंय, आणि गावातले सगळे हुशार लोक पळायचं सोडून हातात सुरी घेऊन त्याच्या तोंडापाशी जातात. माझा लोहार असाच गेला. गावातला लोहार! त्याच्याकडं मी तीन दिवस सामान विकत होतो, माझं सगळं गिऱ्हाईकपण तिथं होतं, आणि भट्टीसमोर आडवा. शेवटचा सेव्ह दीड तासापूर्वीचा. तसाच पुढं खेळलो, पण त्या गावात परत गेलो नाही, मन होईना.

आता पुढच्या खेपेला पाटी दिलीच नाही. शिकार करतो, कातडी विकतो, आयव्हर्स्टेडच्या खाणावळीत झोपतो, रात्री आकाशात ते हिरवे पट्टे बघतो. शाउट नाही तर नाही. माणसानं एवढं ओरडून तरी काय करायचंय.


बाबा_ऑन_ड्युटी:

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका.

मला रात्री पोरगी झोपल्यावर ४०-४५ मिनिटं मिळतात, ती पण रोज नाही. त्यात मी दोन वर्षं स्कायरिममध्ये "फिरत" होतो. एक दिवस लक्षात आलं की फिरणं म्हणजे काय, तर चोरांच्या टोळीत कोणीतरी सांगतं अमक्या घरातून तमकी सुरई आण, आणली, पैसे घेतले, परत सांगतं तमक्या घरातून अमकी सुरई आण. ही कामं गेम स्वतःच जुळवतो, जागा आणि वस्तू बदलून, ती कधीच संपत नाहीत. कंपॅनियन्समध्ये पण तेच, जाऊन अमक्या गुहेतल्या पुढाऱ्याला मार. लिहिलेलं काम कुठलं आणि यंत्रानं जुळवलेलं कुठलं हे नवीन माणसाला कळत नाही आणि त्यात महिने जातात. ड्रॅगनबॉर्न भाऊ, तुझ्या ६० मधले किती तास सुरयांत गेले ते प्रामाणिकपणे मोज.

मग ठरवलं की फक्त मेन स्टोरी. आणि खरं सांगतो, लोक म्हणतात तेवढी ती वाईट नाहीये. थाल्मोरच्या (एल्फ सत्ताधाऱ्यांच्या) दूतावासात पार्टीला जायचं असतं, हत्यारं आत नेता येत नाहीत, तिथल्या एका नोकराकडे आधीच गुपचूप द्यावी लागतात, तो ती आत पोचवतो. मी विसरलो काय काय द्यायचं ते, औषधं दिली आणि तलवार द्यायची राहिली, अख्खा दूतावास तिथल्याच पहारेकऱ्याची हिसकावलेली तलवार घेऊन पार केला, आजवरची माझी सगळ्यात चांगली रात्र तीच. मग जार्लच्या वाड्यात ड्रॅगन पकडायचा प्लॅन, तो वाडा बांधलाच आहे त्यासाठी, मागच्या सज्जावर टांगलेली ती लाकडी यंत्रणा अचानक खाली येते. त्या वाड्याचं नावच ड्रॅगन्सरीच आहे, तोवर डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

आणि डोंगराच्या टोकावरचा तो म्हातारा (नाव नाही घेत). त्याच्याशी झालेलं बोलणं मी पोरगी उठेल म्हणून आवाज बारीक करून, सबटायटल लावून वाचलं. नंतर एक जण येऊन सांगते की त्याला मारून ये, नाहीतर आम्ही तुला मदत करणार नाही. मी ते काम तसंच यादीत ठेवलंय. पडून आहे. राहू दे पडून.


मॉरोविंडवाला_काका:

सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण हा प्रश्न गेमप्रमाणे बदलतो हे कोणी म्हणत नाहीये म्हणून लिहितो.

२००२च्या मॉरोविंडमध्ये मी बालमोरा गावात कायस कोसेडिस नावाच्या माणसाला कागदपत्रं नेऊन दिली, तोच मेन स्टोरी देणारा. त्यानं मला वरून खाली बघितलं आणि थोडक्यात सांगितलं की तू अजून कच्चा आहेस, जा, एखाद्या गिल्डमध्ये काम धर, चार अनुभव घे, मग ये. म्हणजे मेन स्टोरीच सांगते की मेन स्टोरी सोड! मी गेलो तो कॉलेजचं सेकंड इयर संपल्यावर परत आलो. अपराधी वाटायचा प्रश्नच नव्हता. आणि त्या गेममध्ये स्टोरीसाठी लागणारा माणूस सुद्धा मारता यायचा, मारला की एक निरोप यायचा की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह लोड कर नाहीतर या बुडालेल्या जगात तसाच राहा. स्कायरिममध्ये महत्त्वाचा माणूस मारला तर तो गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळानं उठून परत गप्पा मारायला लागतो. असो, म्हातारपणाची कुरकुर.

२००६च्या ऑब्लिव्हियनमध्ये मात्र राजा मरताना ताईत हातात देतो, म्हणतो लवकर पोचव. तिथेही पोचवला नाही तर नरकाची दारं देशभर उघडत नाहीत, खुशाल फिरा, पण उशिरा गेलात तर क्वाच शहरापाशी उघडलेल्या पहिल्या दारात लेव्हलप्रमाणे जबरदस्त राक्षस उभे असतात. लहान लेव्हलला जाणाऱ्याला स्कॅम्प म्हणजे किरकोळ राक्षस भेटतात, मोठं होऊन जाणाऱ्याचा घाम निघतो. तिथे माझा सल्ला आहे की क्वाच लवकर उरकून घ्या आणि मग भटका.

विचर ३ (२०१५) वेगळंच प्रकरण. तिथे हरवलेली पोरगी शोधायची आहे, बाप म्हणून जीव कासावीस व्हायला पाहिजे, आणि आपण खानावळीत ग्वेंट नावाचे पत्ते खेळत बसतो. गोष्ट आणि आपलं वागणं यांचा मेळच बसत नाही. वर तिथे खरंच हुकतं, आइल ऑफ मिस्ट्सला जायच्या आधी काही कामं केली नाहीत तर ती कायमची फेल होतात. तिथे मेन स्टोरी डोळे मिटून पुढे रेटायची नाही.

म्हणजे बघा, तानाजी म्हणाला आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं. आपण ओपन वर्ल्डवाले आधी रायबाचं, मग मेव्हण्याचं, मग शेजाऱ्याच्या पोराचं, वरातीत नाचून झाल्यावर एखाद्या रविवारी कोंढाणा. फक्त स्कायरिममधला कोंढाणा कुठेही जात नाही, एवढं त्या गेमचं मोठेपण. तुमचं काही हुकलेलं नाही. निर्धास्त जा.


कोकणी_मांजर:

काकांनी लिहिलंय त्यात माझी एक भर, आणि हे ड्रॅगनबॉर्नच्या फायद्याचं आहे. पुढे शेवटाबद्दल थोडं आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडून खाली जा.

शेवटी सोव्हनगार्ड म्हणून जागा आहे, मेलेल्या वीरांचा स्वर्ग. आता गंमत अशी की तिथे कोण भेटणार हे तू आधी काय काय केलंयस त्यावर ठरतं. तू कंपॅनियन्स शेवटपर्यंत केलंस म्हणतोस ना, मग तुझा एक ओळखीचा म्हातारा तिथे असेल. यादवी युद्ध कुठल्याही बाजूनं संपवलंस तर त्यात मेलेलं कोणीतरी पण दिसतं. मी पहिल्यांदा सरळ मेन स्टोरी संपवून गेले तर तो हॉल मला परक्याच्या लग्नाच्या हॉलसारखा वाटला, सगळे जेवतायत आणि मी कोणालाच ओळखत नाही. दुसऱ्या वेळी दीडशे तासांनी गेले, दारातच ओळखीचा चेहरा दिसला आणि मी कीबोर्डवरून हात काढून नुसती बसून राहिले.

(स्पॉइलर संपला.) म्हणून म्हणते मधला भाग लांबव. आणि युद्ध आधीच संपवलेलं असेल तर मेन स्टोरीतली ती लांबलचक तहाची बैठक पण टळते, अर्धा तास सगळे टेबलाभोवती बसून कुठला परगणा कोणाला यावर भांडतात, आमच्या सोसायटीची एजीएम परवडली.

इंटरेस्ट जाण्याबद्दल: शेवटचा मोठा ड्रॅगन अल्डुइन मेला तरी बाकीचे ड्रॅगन संपत नाहीत, गेम चालूच राहतो, शेवटची नावांची पाटी वगैरे काही पडत नाही. नाद खुळा दादांचा लोहार तेव्हाही धोक्यातच.


नाद_खुळा_रंकाळा:

जखमेवर मीठ चोळू नका ताई 😭


फुकटचा_ड्रॅगनबॉर्न:

सगळ्यांचे आभार. स्पॉइलर वाचला, राहवलं नाही.

बाबा, मोजलं. निदान वीस तास सुरया. 🙈

तर काल रात्री गेलो एकदाचा वाड्यात. जार्लला सांगितलं हेल्गेनवर ड्रॅगन आला होता. त्याला वाटलं कालचीच गोष्ट आहे, ताबडतोब शिपाई रिव्हरवूडला पाठवायचा हुकूम सोडला, मला इतकी लाज वाटली. मग जादूगार म्हणाला ब्लीक फॉल्स बॅरो नावाची एक भयंकर जागा आहे, तिथून एक पाटी आणायची आहे. मी तिथल्या तिथे खिशातून काढून त्याच्या हातात ठेवली, त्याच्याकडे त्यासाठी वेगळं वाक्य पण आहे!! म्हणजे बनवणाऱ्यांना माझ्यासारखे लोक माहिती होते.

बुरुजावर गेलो. संध्याकाळ, सगळीकडे धूर, शिपाई घाबरलेले, आणि इतक्या तासांत पहिल्यांदा त्या संगीतात माणसं ओरडायला लागली. खरं सांगतो, लेव्हल २३ला तो ड्रॅगन फार टिकला नाही, बाणांनीच गेला. पण नंतर त्याचं कातडं जळत जळत प्रकाश माझ्या अंगात शिरला, सगळे शिपाई मागे सरून बघत राहिले, आणि परत येताना डोंगरावरून ती हाक आली. आईनं आतल्या खोलीतून विचारलं काय पडलं रे. मी हेडफोन काढून स्पीकर लावले होते ना.

हे मी ५८ तास आधी बघू शकलो असतो याचं वाईट वाटलं का? थोडं. पण तेव्हा मी तिथल्या एकाही शिपायाला ओळखत नव्हतो, आता त्यातल्या निम्म्यांनी मला कधी ना कधी चोरीत पकडलेलं आहे.

आता प्लॅन मांजरताईंचा. आयव्हर्स्टेडला पोचलोय, तिथला एक जण वरच्या म्हाताऱ्यांसाठी शिधा न्यायला सांगतोय तो घेतला, आगीचा मंत्र डाव्या हातात लावलाय. म्हाताऱ्यांना भेटून परत खाली, मग युद्ध, मग मेन स्टोरीतलं ते जमिनीखालचं ब्लॅकरीच की काय ते.

फक्त एक तातडीची अडचण आहे. खाणावळीच्या खोलीत मी आत आहे आणि लिडिया दारात उभी आहे. बाजूला होत नाहीये. दहा मिनिटं झाली. काय करू?


मॉरोविंडवाला_काका:

आता शाउट उघडलाय ना? पहिला शब्द "फुस" आहे. तोंडावर कर तिच्या.


फुकटचा_ड्रॅगनबॉर्न:

केला. फुसकाच निघाला, जरा डगमगली आणि परत तिथेच येऊन उभी.


कोकणी_मांजर:

म्हणून म्हटलं वर जा, दुसरा शब्द म्हातारे देतात.